फौजी माणूस रात्री दचकून उठतो तेव्हा घरच्यांनी काय काय करायचं

२००१ ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या पोरांनी आमच्या अंगणाच्या भिंतीला लागून सुतळी बॉम्ब लावला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा जेवायला पाटावर बसले होते, पाय काढून ठेवलेला. पाय म्हणजे कृत्रिम पाय, डावा, गुडघ्याखालचा. खरा १९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या लढाईत, द्रासला तोफांच्या शेलिंगमध्ये गेला. बॉम्ब फुटला आणि अण्णा पाटावर नव्हतेच. धान्याच्या कोठीमागे सापडले, माझ्या पाच वर्षांच्या भावाला जमिनीशी दाबून धरलेलं, स्वतः त्याच्यावर पालथे, आणि तोंडाने सारखं एकच, "सिर नीचे रख, सिर नीचे". एका पायावर तिथपर्यंत कसे पोचले कुणी बघितलंच नाही, फक्त ताट उलटं झालेलं आणि पणतीचं तेल फरशीवर सांडलेलं दिसत होतं. आणि आम्ही काय केलं तर हसलो. काका म्हणाले, काय फौजी, फटाक्याला घाबरला काय. अण्णापण कसंनुसं हसले, पाय बांधला आणि रानात निघून गेले ते सकाळी आले.

हे असं का होतं हे आम्हाला कळायला त्यानंतर अकरा वर्षं गेली. २०१२ ला पहिल्यांदा एका मानसोपचार डॉक्टरांनी कागदावर पीटीएसडी असं लिहिलं, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार. त्या अकरा वर्षांत आम्ही ज्या चुका केल्या त्या तुमच्या घरात होऊ नयेत म्हणून हे सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, कोरेगाव तालुक्यातला शेती आणि एक छोटं दुकान बघणारा माणूस आहे, त्यामुळे औषधांचं शेवटचं तुमच्या डॉक्टरांना विचारायचं, बाकी घरात काय करायचं ते मी सांगू शकतो.

आधी हे काय असतं ते समजून घ्या

अण्णांनी एकदाच, शेतात पाणी पाजताना, मला सांगितलं होतं की फौजेत पहाऱ्यावर संत्री असतो ना, तो बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही, पाऊस असो बर्फ असो, दुसरा येऊन म्हणणार की मी उभा राहतो, मगच हा जाणार. "माझी बदली आलीच नाही बघ," म्हणाले, "मला तिथनं डायरेक्ट स्ट्रेचरवर घातलं." ह्याच्यापेक्षा सोप्या भाषेत हा आजार मला अजून कुठल्या डॉक्टरनी सांगितला नाही. डोक्याला कळत असतं की मी घरी आहे, पण अंग अजून ड्युटीवर असतं.

लक्षणं घरच्या भाषेत सांगतो. एक, आठवणी न बोलावता येतात, स्वप्नात येतात, आवाजाने वासाने येतात, आणि नुसतं आठवत नाही तर माणूस परत तिथेच जाऊन पोचतो. दोन, टाळाटाळ, म्हणजे पलटणीतल्या जोडीदारांचे फोन न उचलणं, ट्रंक न उघडणं, लग्नाला न जाणं. तीन, सतत सावध, पाठ भिंतीला लावूनच बसणार, दाराकडे तोंड करून, बारीक आवाजाला दचकणार, पटकन भडकणार, झोप नाही. चार, मन बधिर होणं, पोरगं पहिलं आलं तरी आनंद नाही, आणि आतून एक अपराधीपणा की मी वाचलो आणि तो गेला. हे महिन्याच्या वर टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं यायला लागलं तर डॉक्टरकडे जायचंच. काहींना लगेच होतं, काहींना रिटायर झाल्यावर हातातलं काम सुटलं की वर येतं. आणि लढाई बघितलेल्या प्रत्येकाला होतं असंही नाही, अण्णांच्या बरोबरचे एक सुभेदार साहेब मस्त आहेत, नातवंडं खेळवतात. म्हणून "त्याला नाही झालं मग तुलाच कसं" हे वाक्य घरात कोणी बोलायचं नाही.

पहिल्या महायुद्धात ह्याला शेल शॉक म्हणायचे, १९१५ च्या आसपास तो शब्द आला, आणि पीटीएसडी हे नाव अमेरिकन डॉक्टरांच्या पुस्तकात १९८० ला आलं. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांच्या नावाचा स्तंभ आहे. मी तिथे गेलो की मला जे परत आले त्यांचंच डोक्यात येतं, त्यांच्यातल्या किती जणांना गावाने येडा म्हणून सोडून दिलं असेल कोण जाणे.

पायरी पहिली: दोन आठवडे वही लिहा

डॉक्टरकडे पळायच्या आधी हे करा, म्हणजे जिवाला धोका दिसत नसेल तर. कारण फौजी माणूस डॉक्टरसमोर बसला की ताठ होतो आणि म्हणतो "सब ठीक है सर". आमचे पहिले दोन डॉक्टर असेच वाया गेले, अण्णा हसून बोलून आले आणि त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या वेळी आईने वही पुढे ठेवली. साधी शाळेची वही, त्यात असं असायचं:

मंगळवार, रात्री २.१० ला उठले, गोठ्यापर्यंत जाऊन आले, परत झोप नाही.
बुधवार, दुपारी खाणीत सुरुंग उडाला, तासभर बोलले नाहीत, हात थरथर, चहा सांडला.
गुरुवार, शेजारी भजन होतं बारापर्यंत, झोप चांगली.

गुरुवारची नोंद डॉक्टरांनी पकडली. आम्हाला वाटायचं शांतता पाहिजे, आणि निघालं उलटं, माणसं जागी आहेत हे ऐकू आलं की अण्णांना झोप लागते. म्हणून वाईट रात्री लिहा तशा चांगल्या रात्रीपण लिहा. वेळ, काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं, दारू होती का, पाय दुखत होता का, एवढंच पुरे. आणि चोरून लिहू नका, त्यांना सांगून लिहा, नाहीतर ज्या माणसाला आधीच सगळीकडे धोका दिसतो त्याला घरातली वहीपण धोकाच वाटणार.

पायरी दुसरी: जखमेकडे आधी बघा

मन मन करताना लोक शरीर विसरतात. अण्णांना नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीला वाटलं डोक्यावर परिणाम झाला, पण हे खरं दुखणं आहे, पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा तसाच राहतो, ह्याला फँटम पेन म्हणतात. आणि हे दुखणं उठलं की त्या दिवसाची आठवण उठते, आठवण उठली की दुखणं वाढतं, असं चक्र लागतं. त्यावर नसांच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, साध्या पेनकिलरने भागत नाही, आणि आरशाचा एक व्यायाम असतो, दोन पायांच्या मधे आरसा उभा धरून चांगला पाय हलवायचा म्हणजे गेलेला पाय हलतोय असं दिसतं. आमच्याकडे आईच्या कपाटाचा फुटका आरसा घासून वापरला, रोज पंधरा मिनिटं. सगळ्यांना लागू पडत नाही, अण्णांना थोडा पडला.

रोज रात्री खुंट, म्हणजे पायाचा उरलेला भाग, साबणाने धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा, खालची बाजू हातातल्या आरशात बघायची, लाल डाग पाय काढल्यावरही थोड्या वेळात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही आणि दाखवून यायचं. घालायच्या आधी तेल क्रीम काही लावायचं नाही. आतला मोजा रोज धुतलेला पाहिजे. वजन कमीजास्त झालं, खुंट बारीक झाला की पायाचं सॉकेट, म्हणजे खुंट बसतो ती वाटी, सैल पडतं, मग परत माप द्यावं लागतं, ते काम पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये होतं, १९४४ पासून आहे ते. गावात सगळेच अण्णांच्या पायाला जयपूर फूट म्हणतात, अण्णांनी त्यांची चूक दुरुस्त करणं सोडून दिलंय.

कानाची टेस्ट करून घ्या. स्फोटाजवळ असलेल्या माणसाचा कान जातो किंवा आत सतत शिट्टी वाजते, आणि आपण इकडे म्हणतो हाक मारली तरी लक्ष देत नाहीत, तुसडे झालेत. डोक्याला मार लागलेला असेल, स्फोटाने नुसता झटका बसलेला असेल, तरी डॉक्टरला सांगा, विसरणं आणि चिडचिड त्यानेही होते.

आणि हे फार महत्त्वाचं. अंगात छर्रे राहिले असतील तर एमआरआयच्या आधी तिथल्या माणसाला स्पष्ट सांगायचं, जुना एक्सरे दाखवायचा. मशीनमध्ये मोठं चुंबक असतं, लोखंडाचा तुकडा आत सरकू शकतो. अण्णांच्या मांडीत अजून तीन बारीक तुकडे आहेत, आम्ही पाकिटात चिठ्ठीच ठेवली आहे तशी.

पायरी तिसरी: रात्र

झोपेत ओरडत असतील, हातपाय झाडत असतील तर हलवून उठवायचं नाही. हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना शिकवा. माझ्या आईचं मनगट ह्यातच मुरगळलं होतं, तिने खांद्याला हात लावला आणि अण्णांनी झोपेतच धरून पिरगाळला, उठल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं, आणि चार दिवस ते आईच्या तोंडाकडे बघू शकले नाहीत.

बरोबर पद्धत अशी. आधी लाईट लावा, झगझगीत नको, बाहेरच्या खोलीतला चालेल. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याच्या बाहेर उभे रहा. रोजच्या आवाजात नाव घ्या, रोज ज्या नावाने हाक मारता त्याच. "अण्णा, मी आहे, आपण घरी आहोत, गुरुवार आहे, उद्या कोरेगावला जायचंय." पुन्हा पुन्हा, हळू. डोळे उघडले तरी लगेच जवळ जायचं नाही, ते तुमच्याकडे बघून नाव घेतील तोपर्यंत थांबा. मग पाणी. स्वप्नात काय बघितलं हे तेव्हा विचारायचं नाही.

खाट अशी ठेवा की पडल्या पडल्या दार दिसेल. कृत्रिम पाय आणि काठी हाताला लागतील अशी, कारण पाय नाही हे विसरून माणूस उठतो आणि तोंडावर आपटतो. संडासपर्यंत बारीक लाईट. कोयता, कुऱ्हाड झोपायच्या खोलीत नको. आपल्याकडे कितीतरी माजी सैनिक बँकेत गार्डची नोकरी करतात आणि त्यांच्याकडे स्वतःची लायसनची बारा बोअर असते, ती आणि काडतुसं एका जागी नको, आणि दिवस वाईट चालले असतील तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करता येते, ते करा. हे बोलताना मानापमान होतो, आमच्यात झाला. अण्णांच्याच जुन्या सुभेदार साहेबांनी सांगितलं तेव्हा ऐकलं, मुलाचं ऐकलं नसतं.

पायरी चौथी: दिवसाढवळ्या "तिकडे" गेले तर

बोलता बोलता नजर एका जागी खिळते, घाम, श्वास वर, कधी तोंडाने हिंदीत ऑर्डरी. गर्दी करायची नाही, एकानेच बोलायचं. "काय झालं, काय झालं" असा मारा नको. त्यांना आत्ताच्या जागेवर आणायचं असतं आणि त्याला डोळे, कान, हात लागतात. पुस्तकात पद्धत असते की पाच दिसणाऱ्या वस्तू सांगा, चार हाताला लागणाऱ्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या, एक चवीची. अण्णांना ते बालवाडीसारखं वाटलं, त्यांनी स्वतःचं काढलं. गार पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरायचा, भिंतीवरच्या कालनिर्णयवरची तारीख, वार, तिथी मोठ्याने वाचायची, मग बैलांची नावं घ्यायची. आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे, तरी नावं घेतात. तुमच्या माणसाचं तुम्ही शोधा, पण बरं असताना शोधून ठेवा, वेळेवर सुचत नाही. श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजायचं आणि सोडताना सहापर्यंत, सोडणं लांब पाहिजे.

नंतर माणूस थकतो, लाजतो. गूळ घातलेला चहा द्यायचा, झालेल्या गोष्टीवर चर्चासत्र भरवायचं नाही.

पायरी पाचवी: कँटीनची बाटली

ह्यावर गावात कोणी बोलत नाही कारण मिलिटरी कँटीनमधून मिळणारा दारूचा महिन्याचा कोटा सगळ्यांच्याच उपयोगाचा असतो. रम घेतली की झोप लागते हे खरंच आहे, म्हणून तर सुरू होते. पण नशा उतरते तसतशी मध्यरात्रीनंतरची झोप मोडत जाते, स्वप्नं जास्त येतात, आणि झोपेच्या गोळीबरोबर दारू गेली तर श्वासाला धोका. आमच्या आईने एकदा रागात सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून अण्णांचे हात कापायला लागले, भास व्हायला लागले, फिट येते की काय असं झालं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नसते, डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवायची असते. हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती.

पायरी सहावी: डॉक्टर, आणि देवऋषी

देवऋषीचं आधी सांगतो. आम्ही गेलो होतो, लपवत नाही. बाहेरचं झालंय म्हणाला, बर्फात मेलेल्याचा आत्मा लागलाय, कोंबडा आणि अंगारा झाला, पैसे गेले ते गेले पण अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलं की तो बेळगावकडचा जोडीदार, जो त्यांच्या शेजारी गेला, तोच छळतोय. ते काढायला नंतर समुपदेशन करणाऱ्या मॅडमना महिने लागले. देवाला जा, वारीला जा, त्याने बळ मिळतं, पण अंगातून काढतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

माजी सैनिकाला पेन्शन असेल तर ईसीएचएस असतं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवापाण्याची योजना, २००३ पासून आहे ती. रस्ता असा की कार्ड घेऊन जवळच्या पॉलिक्लिनिकला जायचं, तिथला मेडिकल ऑफिसर तपासून रेफर करतो, मग मिलिटरी हॉस्पिटलचा किंवा यादीतल्या खाजगी हॉस्पिटलचा मानसोपचार तज्ज्ञ. पुण्याला कमांड हॉस्पिटल, मुंबईला कुलाब्याचं अश्विनी. सकाळी लवकर निघा, कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स, जखमेचे जुने कागद, चालू गोळ्यांची यादी आणि ती वही. पॉलिक्लिनिकमध्ये "झोप येत नाही" एवढंच सांगू नका, नाहीतर झोपेची गोळी घेऊन परत याल. "लढाईच्या आठवणी येतात, दचकतात, इतक्या वर्षांपासून, मानसोपचारवाल्यांना दाखवायचंय" असं पूर्ण वाक्य बोला.

कार्ड नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो. आणि टेलिमानस, १४४१६, सरकारी फुकट हेल्पलाईन, २०२२ ला सुरू झाली, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू. अण्णा फोनवर बोलायला तयार नव्हते, आधी मीच बोललो, घरच्याने फोन केला तरी चालतो.

उपचार दोन प्रकारचे. बोलण्याचे उपचार मुख्य, आणि त्यातही आघातावरचेच खास असतात, ज्यात ती आठवण थोडी थोडी करून, सुरक्षित जागी, परत परत सांगायला लावतात, दर आठवड्याला एक बैठक असं साधारण आठ ते पंधरा बैठका. दुसरी एक पद्धत ईएमडीआर, त्यात आठवण मनात धरून डोळे डावीउजवीकडे फिरवायला लावतात, बघायला गंमत वाटते पण उपयोग होतो. सुरुवातीच्या बैठकांनंतर माणूस जास्त बिघडल्यासारखा दिसतो आणि इथेच लोक सोडून देतात. आम्हीपण तिसऱ्या बैठकीनंतर सोडणार होतो, अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. मॅडम म्हणाल्या जखम साफ करताना दुखतंच ना, ड्रेसिंग तर तुम्ही रोज बघितलंय. अण्णांना तेवढं एक वाक्य पटलं आणि ते परत गेले.

गोळ्या म्हणजे सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ह्या जातीच्या, लगेच काही होत नाही, चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो, सुरुवातीला मळमळतं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, एकदम तोडल्या तर चक्कर आणि चिडचिड होते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. वाईट स्वप्नांसाठी काही डॉक्टर बीपीची एक जुनी गोळी देतात, ती चालू केली असेल तर रात्री एकदम उठून उभं राहायचं नाही, चक्कर येते, आणि एका पायाच्या माणसाने पडणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ह्या गोळ्या मेडिकलवाला ओळखीने देतो म्हणून वर्षानुवर्षं घेत राहणारे खूप बघितलेत, त्यांची सवय लागते आणि मूळ आजार तिथेच राहतो. अण्णांची ती सवय सोडवायला सहा महिने गेले.

पायरी सातवी: कागदपत्रं, थोडक्यात

जखम लढाईत झाल्याची नोंद, मेडिकल बोर्डाचे कागद, टक्केवारी, ह्याच्या तीन तीन झेरॉक्स करून प्लास्टिकच्या फाईलमध्ये. युद्धातल्या जखमेची पेन्शन आणि साधी अपंगत्वाची पेन्शन वेगळी असते, कुठली लागली ते पीपीओवर बघा. मानसिक आजार नंतर कळला असेल तरी विचारायला हरकत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, फॉर्म आणि माहिती तिथे फुकट मिळते, बाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटला टक्केवारी देऊ नका. बोर्डाने नाकारलं तर अपील असतं आणि त्याच्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरण असतं, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. वेळ लागतो, अण्णांचं प्रकरण लढवताना ते परत आजारी पडले होते, कारण प्रत्येक अर्जात ती घटना नव्याने लिहावी लागते. अर्ज तुम्ही लिहा, त्यांच्याकडून फक्त सही घ्या.

पायरी आठवी: वर्षाचं कॅलेंडर आधीच बघा

दिवाळी, गणपती मिरवणूक, लग्नसराई, विहिरीचे आणि खाणीचे सुरुंग. आवाज पूर्ण टाळता येत नाहीत, पण अचानक येणारा आवाज आणि माहीत असलेला आवाज ह्यात फार फरक आहे. आमच्या खाणवाल्याला मी जाऊन भेटलो, आता तो सुरुंगाच्या आधी मिस्ड कॉल देतो. पोरांना बोलावून सांगितलं की बॉम्ब लावायचा असेल तर पिंपळाकडे लावा आणि आधी अण्णांना ओरडून सांगा, पोरं ऐकतात हो, मोठी माणसंच ऐकत नाहीत. सगळं टाळत गेलं तर मात्र घर छोटं छोटं होत जातं, हेपण डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून अण्णा मिरवणुकीत लांबून का होईना थांबतात, ढोल चालतो त्यांना, डीजेचा दणका नाही चालत.

२६ जुलै, कारगिल विजय दिवस. शाळेत सत्कार, शाल श्रीफळ, आणि हमखास एखादा विचारणार, "काका तुम्ही किती मारले?" सत्काराला जायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, आयोजकांना आधी फोन करून सांगायचं की प्रश्नोत्तरं नकोत. आणि ज्या तारखेला जखम झाली, ज्या तारखेला जोडीदार गेला, त्या तारखांच्या आधी आठवडाभर माणूस आपोआप चिडचिडा होतो, त्याला स्वतःलाही कळत नाही का. आम्ही कालनिर्णयवर त्या तारखेला बारीक टिंब काढून ठेवतो.

टीव्ही. मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी चॅनेलवाल्यांनी बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचे सायरन वाजवायला सुरुवात केली होती, शेवटी सरकारला सांगावं लागलं की ते सायरन बंद करा. ते चार दिवस अण्णा रात्रंदिवस टीव्हीसमोर, बूट घालून. बंद केला असता तर मोबाईलवर बघितलं असतं, म्हणून ठरवलं की सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी पेपर, बाकी वेळ मी बातम्या बघून त्यांना तोंडी रिपोर्ट देणार. रिपोर्ट हा शब्द कामाला आला.

पायरी नववी: आई, पोरं, आणि तुम्ही

लहान मुलांना खरं सांगा, त्यांच्या मापाचं. "आजोबांना मोठ्या आवाजाने जुनं आठवतं, ते तुझ्यावर चिडलेले नाहीत." माझ्या भावाला कोणी सांगितलं नव्हतं, तो कॉलेजात जाईपर्यंत समजत होता की त्या दिवाळीला त्याच्याकडून काहीतरी चुकलं होतं.

बायकोची झोप कोणी मोजत नाही. आईला बीपी लागला तो ह्याच जागरणांत. आठवड्यातल्या दोन रात्री तिने दुसऱ्या खोलीत झोपायचं आणि मी किंवा भाऊ बाहेर, असं ठरवून टाकलं. आणि एक, आजार आहे म्हणून मारहाण चालवून घ्यायची नाही. झोपेत हात लागला ते वेगळं, जागेपणी उठणारा हात वेगळा, त्या वेळी पोरांना घेऊन शेजारी जायचं आणि ११२ ला फोन करायचा, त्यात घराण्याची अब्रू वगैरे मधे आणायची नाही.

जोडीदार गेल्याचा विषय त्यांनी स्वतः काढला तर "तुमची काही चूक नव्हती" असं पटकन बोलून मोकळे होऊ नका, त्याने ते बोलणं बंद करतात. अण्णा म्हणाले होते, "त्या रात्री जागा बदलली होती आम्ही, तो माझ्या जागेवर होता." मी काहीच बोललो नाही, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं आणि विचारलं तो कसा होता. अर्धा तास सांगत होते, पत्त्यात लबाडी करायचा म्हणे.

हे दिसलं तर थांबू नका

वस्तू वाटायला लागले, पेन्शनचे कागद अचानक बायकोला समजावून द्यायला लागले, "माझं ओझं झालंय तुम्हाला" असं बोलायला लागले, बरेच दिवस अस्वस्थ असून एकदम शांत झाले. सरळ विचारा, मरायचं मनात येतं का. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, कीटकनाशकाचे डबे, दोर, गोळ्यांचा साठा, बंदूक घराबाहेर काढायची, शेतकऱ्याच्या घरात औषधाचा डबा आधी. १४४१६ ला फोन, तातडीचं असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स किंवा सरळ गाडीत घालून हॉस्पिटल.

रोजची शेवटची पायरी

ही आमची घरगुती आहे, डॉक्टरांनी ऐकून हसून मान डोलावली होती. रात्री दहा वाजता अण्णा खाटेवर बसतात आणि मी दारात उभा राहतो. ते विचारतात, गेट? मी म्हणतो, लावलं. गोठा? बघितला. मोटर? बंद केली. कुत्रं? सोडलंय. पोरं? झोपली. मग मी सांगतो की बारापर्यंत मी जागा आहे, दुकानाचा हिशोब करतोय. ते पाय काढतात, मोजा खुंटीला, पाय भिंतीला टेकवून बोटं दाराकडे करून ठेवतात आणि म्हणतात, "ठीक आहे, बदली घेतली."

पहाटे चारला उठून गेटची कडी स्वतः हलवून बघतातच. मी पडल्या पडल्या कडीचा आवाज ऐकतो, परत येताना काठीचा, मग खाट करकरते.